पिपला टेन्सरफ्लो सापडत का नाही?

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज ११, एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि पायथन ३.१२ आहे. प्रोजेक्टला टेन्सरफ्लो (मशीन लर्निंगची लायब्ररी) २.१० लागतं. पिपने (पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करणारं टूल) टाकायला गेलो की ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्युशन फाउंड’ येतं. पिप अपडेट करून झालं, नेटही नीट आहे. काय चुकतंय?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : पायथन जास्त नवं आहे. टेन्सरफ्लो ‘व्हील’ या तयार फाइलमधून मिळतं आणि ही फाइल पायथनच्या एकाच व्हर्जनसाठी बांधलेली असते. नावात ‘सीपी३१०’ असेल तर ती ३.१० चीच. टेन्सरफ्लो २.१० ची व्हील ३.७ ते ३.१० साठीच निघाली. ३.१२ ची मुळात बनलीच नाही, तर पिप आणणार कुठून?

३.१२ काढू नका, राहू दे. मिनिकोंडा (वेगवेगळ्या पायथन व्हर्जनसाठी स्वतंत्र कप्पे करून देणारं टूल) घ्या आणि ‘कोंडा क्रिएट -एन टीएफ पायथन=३.१०’ ही कमांड द्या (टाइप अर्थातच रोमन अक्षरांत), मग ‘कोंडा ॲक्टिव्हेट टीएफ’. आता कोंडा-फोर्ज या पॅकेजांच्या चॅनलवरून कुडाटूलकिट ११.२ आणि सीयूडीएनएन ८.१ (टेन्सरफ्लोला एनव्हिडियाचं कार्ड वापरू देणाऱ्या लायब्रऱ्या) टाका. ‘माझ्याकडे कुडा १२ आहे की!’ म्हणून ही पायरी गाळू नका, २.१० कुडाच्या जुन्याच डीएलएल (लायब्ररी) फाइली शोधतं.

खरी मेख पुढे आहे. नुसतं टेन्सरफ्लो मागितलंत तर पिप सोबत नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) २ घेऊन येतं, कारण २.१० ने नमपायला वरची मर्यादा घातलेली नाही. इन्स्टॉल बिनतक्रार होतं आणि इम्पोर्ट करताना ‘ॲरे एपीआय नॉट फाउंड’ म्हणत कोसळतं. म्हणून एकाच कमांडमध्ये दोन्ही मागा: पिप इन्स्टॉल "टेन्सरफ्लो==२.१०.१" "नमपाय<२". अवतरणचिन्हं विसरलात तर कमांड प्रॉम्प्ट ‘<’ चा अर्थ ‘फाइलमधून वाच’ असा घेतो आणि ‘२’ नावाची फाइल शोधत बसतो!

शेवटी पायथनमध्ये टेन्सरफ्लोचं ‘लिस्ट फिजिकल डिव्हायसेस’ कंसात ‘जीपीयू’ (ग्राफिक्स कार्ड) देऊन चालवून बघा. रिकामा कंस आला तर कार्ड सापडलेलं नाही. प्रोग्रॅम मात्र सीपीयूवर रखडत चालत राहील.

२.१० ची सक्ती नसेल तर एवढा खटाटोप करूच नका. थेट विंडोजवर ग्राफिक्स कार्ड वापरणारं ते शेवटचं व्हर्जन; पुढच्यांसाठी डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) लागतं. तिथे एनव्हिडियाचा ड्रायव्हर विंडोजमध्येच टाका, आतल्या लिनक्समध्ये नाही.

प्रश्न : पिपने ‘एसकेलर्न’ ही मशीन लर्निंगची लायब्ररी टाकताना एरर येते.

उत्तर : इन्स्टॉल करताना नाव ‘सायकिट-लर्न’, इम्पोर्ट करताना ‘एसकेलर्न’. ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीचंही तसंच: मागायचं ‘ओपनसीव्ही-पायथन’, इम्पोर्ट करायचं ‘सीव्ही२’.