30 लाखांचं कर्ज काढून कन्झर्वेशनचा मास्टर्स करावा का?

प्रश्न थोडक्यात असा. बीएस्सी बॉटनी झालेली मुलगी, वय 24, एका संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट, हातात महिना 28 हजार. ब्रिटनमधे एक वर्षाच्या कन्झर्वेशन (निसर्गसंवर्धन) मास्टर्सला अ‍ॅडमिशन मिळालीये, फी आणि राहणं धरून 30 लाख लागणार, बँक साडेदहा टक्क्यांनी द्यायला तयार आहे पण बाबांचा फ्लॅट तारण मागतीये आणि बाबा 3 वर्षांत रिटायर होतायत. नोकरी परत आल्यावर फील्डमधलीच करायची आहे, जंगलात. तर काय करावं?

वयाने लहान आहेस म्हणून सरळ एकेरीतच बोलतो, राग मानू नकोस.

आधी हप्ता बघू, कारण तू मेलमधे जो आकडा लिहिलायस तो 30 लाखांवर काढलेला आहे आणि तुझा हप्ता 30 लाखांवर सुरूच होणार नाहीये. कोर्सचं एक वर्ष आणि त्यापुढचं एक वर्ष मोरॅटोरियम, म्हणजे हप्ता भरायची सूट, या काळात साधं व्याज चढत राहतं, सगळे पैसे सुरुवातीलाच उचलले तर दोन वर्षांचं 6 लाख 30 हजार होतं आणि ते मुद्दलात जाऊन बसतं. म्हणजे परतफेड सुरू होते 36 लाख 30 हजारांवर. 10 वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण 49 हजार. 15 वर्षांवर नेलंस तर 40 हजारांवर येतो, ऐकायला बरं वाटतं, पण एकूण भरतेस 72 लाखांच्या वर.

आता पगार. देशात या क्षेत्रात रिसर्च करणाऱ्याला जी मानाची फेलोशिप मिळते ती जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप), ती जानेवारी 2023 पासून महिना 37 हजार आहे, नंतर एसआरएफ (सीनियर) झालं की 42 हजार, वर घरभाडं. म्हणजे त्यासाठीची नेट परीक्षा काढून, चांगल्या संस्थेत पीएचडीला लागून, सगळं मनासारखं झालं तरी 10 वर्षांचा हप्ता फेलोशिपच्या वर जातोय. आणि तू ज्या संस्थांची नावं लिहिलीयेस तिथे प्रोजेक्ट संपला की पगार संपतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

बँकवाला सांगेल की एज्युकेशन लोनच्या व्याजावर टॅक्स वाचतो. वाचतो, पण टॅक्सच्या जुन्या रिजीममधे, आणि नव्या रिजीममधे 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही टॅक्स लागत नाही. तुझ्या पगाराला वाचवायला टॅक्सच नाहीये, तर तो मुद्दा डोक्यातून काढून टाक.

ब्रिटनमधेच नोकरी करून फेडेन असाही एक पर्याय तू लिहिलायस. तिथला ग्रॅज्युएट व्हिसा 2 वर्षांचा होता, 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना मास्टर्सनंतर 18 महिनेच मिळणार. त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसाला नवख्यांसाठीसुद्धा वर्षाला 33,400 पौंड पगार दाखवावा लागतो आणि कन्झर्वेशन चॅरिटीतल्या सुरुवातीच्या नोकऱ्या सहसा त्याच्या खाली असतात. त्यावर फ्लॅट लावायचा? मी नाही लावणार.

माझं म्हणणं असं आहे की डिग्री वाईट नाहीये, या क्षेत्रात कर्ज किती काढायचं हे फी बघून ठरवायचं नसतं, तुला मिळू शकेल असा सगळ्यात कमी पगार बघून ठरवायचं असतं. कारण 49 हजारांचा हप्ता असलेला माणूस जंगलात राहतच नाही गं, तो दोन वर्षांत एखाद्या कंपनीच्या ईएसजी रिपोर्टिंगला, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचे अहवाल लिहायला, जाऊन बसतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने टॉपच्या 1000 लिस्टेड कंपन्यांना असा रिपोर्ट (बीआरएसआर) सक्तीचा केल्यापासून ते काम आहे, पर्यावरण मंजुरीसाठी लागणारे परिणामांचे अभ्यास (ईआयए) करून देणाऱ्या कन्सल्टन्सीतही आहे, तिथे पैसे फील्डपेक्षा बरे मिळतात. काम वाईट आहे असं नाही. पण तेच करायचं असेल तर त्यासाठी एवढा महागडा मास्टर्स कशाला?

इथला पर्याय तू दोन ओळींत उडवून लावलायस ते मला पटलं नाही. देहरादूनचं वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेचा वाइल्डलाइफ बायोलॉजीचा मास्टर्स, पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था, जागा मोजक्या आहेत हे मान्य. पण समजा 4 लाखांचं कर्ज काढलंस, 9 टक्के, दोन वर्षं कोर्स आणि एक वर्ष मोरॅटोरियम, तर 7 वर्षांसाठी हप्ता 8 हजार 200 च्या आसपास येतो. 4 लाखांपर्यंत बँका साधारण तारण मागत नाहीत, बाबांची सही लागेल, फ्लॅट नाही. आणि हा हप्ता 28 हजारातूनही निघतो, ओढाताण होईल पण निघतो. शिकताना दर महिन्याचं व्याज भरत राहिलीस तर अजून कमी होईल.

बॉटनी घेतलीस हे एक बरं झालं. फॉरेस्ट सर्व्हिसला विषयांची यादी ठरलेली आहे, त्यात बॉटनी आहे, एन्व्हायर्नमेंटल सायन्स नाहीये. नुसत्या त्या डिग्रीवर बरीच मुलं अडकतात. तुला तो रस्ता 32 वर्षांपर्यंत मोकळा आहे आणि सुरुवातीचा बेसिक पगारच महिना 56,100 आहे. लगेच कर असं म्हणत नाही, ती परीक्षा सोपी नाहीये.

आणि ब्रिटनच हवं असेल तर चेवनिंग स्कॉलरशिप बघ, फी आणि राहणं दोन्ही त्यात येतं, अट अशी की 2,800 तासांचा म्हणजे साधारण 2 वर्षांचा कामाचा अनुभव हवा आणि शिकून झाल्यावर 2 वर्षं मायदेशी परत यायचं. तुला परतच यायचंय, मग अडचण काय? सध्याच्या नोकरीत तुझे तास भरतच आहेत, अनुभवाचं पत्र आत्तापासून नीट तारखांसकट घेऊन ठेव.

तरीही कर्ज काढायचंच ठरलं तर बाबांच्या रिटायरमेंटचे पैसे हप्त्यात धरू नकोस, आणि स्वतःचा 40 लाखांचा साधा टर्म इन्शुरन्स घे. बँक कर्जातच एकरकमी प्रीमियमची पॉलिसी घालून देते ती घेऊ नकोस, त्या प्रीमियमवरही व्याज भरत बसशील.

डिपॉझिटची तारीख पुढच्या महिन्यात आहे म्हणतेस, तर आज युनिव्हर्सिटीला मेल टाक की अ‍ॅडमिशन एक वर्ष पुढे ढकलता येईल का, बऱ्याच ठिकाणी देतात. उत्तर येईपर्यंत फ्लॅटचे ओरिजिनल पेपर घरातच राहू देत.