सूर-सवाल : श्रवणयंत्र लावलं आणि पेटी बंद झाली

प्रश्न : आईने चाळीस वर्षं पेटी वाजवली. दोन वर्षांपूर्वी श्रवणयंत्र आलं. बोलणं नीट कळतं, पण गाणं लागलं की म्हणते, "सूर थरथरतात गं, पत्र्यावर वाजवल्यासारखे." मैफलीला जाणं सोडलं, पेटीही बंद. तुम्ही नेहमी म्हणता, संगीत सगळ्यांचं. मग अशांनी काय करायचं?

उत्तर : टोचलं, आणि टोचायलाच हवं होतं. मागे एकदा माझ्या व्हायोलिनवादनाला कमी ऐकू येणाऱ्यांना मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं, थेट स्पीकरसमोर. मनात केवढी धन्यता! दहाव्या मिनिटाला एका आजींनी यंत्र काढलं, रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. कार्यक्रमानंतर भेटून म्हणाल्या, "बोटं छान फिरतात हो तुमची."

त्यानंतर मी श्रवणतज्ज्ञांचं डोकं खायला लागलो. तर, तुमच्या आईंचं सुराचं ज्ञान शाबूत आहे. यंत्र मुळात बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेलं असतं. यंत्राचा आवाज परत त्याच्याच माइकमध्ये शिरला की ते शिट्टी मारतं. लांबलेला, स्थिर सूर त्याला ही स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते तो दाबायला धावतं. थरथर येते ती तिथून. शिवाय मोठा आवाज ते खाली ओढतं, बारीक आवाज वर उचलतं. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं घासून कमावलेला चढउतार सपाट! श्रवणतज्ज्ञांना सांगा, संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम हवा, त्यात शिट्टी आणि गोंगाट दाबणं कमी किंवा बंद ठेवा. बऱ्याच डिजिटल यंत्रांत हे होतं. जाताना पेटी घेऊन जा. लोक बघतील, बघू देत. तिथेच वाजवून सेटिंग बदलून घ्या. यंत्रात टेलिकॉइल, म्हणजे सभागृहातल्या लूपच्या तारेतून येणारा आवाज पकडणारी बारीकशी गुंडाळी आहे का, हेही विचारा. सभागृहात लूपची तार फिरवलेली असेल, तर माइकचा आवाज थेट यंत्रात येतो, हॉलचा घुमारा मध्ये येत नाही.

वयोमानाने कान जातात तेव्हा आधी सुराची धार जाते, झांजेची किणकिण जाते. खर्ज बराच टिकतो. आणि खर्ज नुसता कानाने ऐकायचा असतो असंही नाही. एव्हलिन ग्लेनी या स्कॉटिश तालवादक बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या होत्या. त्या बऱ्याचदा अनवाणी वाजवतात, कंप तळपायांना कळावा म्हणून. मीही आता कार्यक्रमाआधी वीस मिनिटं व्हायोलिन लोकांच्या हाती देतो. पाठीवर बोटं टेकवा म्हणतो आणि सर्वांत जाड तार सावकाश छेडतो. पहिल्यांदा सगळे हात मागेच घेतात.

यंत्राचं काम होईपर्यंत एक करा. आईंना यंत्र काढायला सांगा. डावा तळहात पेटीच्या लाकडावर सपाट ठेवू द्या, उजव्या हाताने मंद्र सा धरू द्या. भाता तुम्ही मारा. घाई नको, सूर पुरा भरू द्या. मग त्या काय म्हणतात ते मला कळवा.