यीस्टची भिंत बांधणारी जनुकं

प्रश्न : यीस्टच्या पेशीभित्तिकेची जनुकं शोधायला कॅल्कोफ्लुओर व्हाइट हा भित्तिकेला चिकटून वाढ रोखणारा रंग वापरतो, पण प्लेटवर सगळेच वाण सारखे वाढतात. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा माध्यम आम्ल आहे. आम्लात हा रंग साका होऊन बसतो, पेशींपर्यंत पोचतच नाही. अगार धुरकट दिसतं. पीएच 6च्या वर ठेवा. एकेक जनुक काढलेल्या वाणांचे दहापट विरल करत नेलेले थेंब ठेवा, 30 अंश सेल्सिअसला दोन दिवस. एफकेएस1 (भित्तिकेतली ग्लुकान ही शर्करासाखळी बनवणारं जनुक) नसलेला वाण खुरटतो : ग्लुकान कमी पडलं की पेशी भित्तिकेतली दुसरी साखळी, कायटिन, वाढवते, आणि रंग नेमका त्यालाच चिकटतो. सीएचएस3 (कायटिन बनवणारं जनुक) नसलेला मात्र खुशाल वाढतो. तुलनेसाठी हे दोन्ही प्रत्येक प्लेटवर हवेतच. 1 मोलर सॉर्बिटॉलने (बाहेरचा परासरण दाब वाढवून कमकुवत पेशी फुटू न देणारा पदार्थ) वाढ सुधारली, तर संशय भित्तिकेवरच. तरी मूळ जनुक प्लाझ्मिडवरून (पेशीत जनुक नेणाऱ्या छोट्या डीएनए-वलयावरून) परत घालून वाढ पूर्ववत झाल्याशिवाय खात्री धरू नका.