सेलच्या आतले तापमान मोजताना काचतंतूवरचा ताण वेगळा काढणे

१८६५० सेलच्या (१८ मिमी व्यासाच्या, ६५ मिमी लांब लिथियम-आयन सेलच्या) बाहेरच्या पत्र्यावर थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा छोटा घटक, चिकटवलेला असताना आत ऑप्टिकल फायबर (काचतंतू) घालून अधिक काही कळते का, असा आपला प्रश्न आहे. कळते; मात्र फायबर थेट तापमान सांगत नाही, आणि प्रयोगाची बरीचशी मेहनत तिथेच खर्ची पडते.

सेलमधील इलेक्ट्रोडच्या थरांच्या गुंडाळीत उष्णता धातूच्या फॉइलमधून लांबीच्या दिशेने सहज वाहते, पण थरांमागून थर ओलांडत पत्र्याकडे येताना अडते. म्हणून जलद डिस्चार्जमध्ये गाभा पत्र्यापेक्षा अधिक तापतो, आणि थर्मिस्टरला ते उशिरा व कमी समजते.

फायबर ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे तंतूच्या आत ठरावीक अंतराने कोरलेली सूक्ष्म रचना, एका विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश परतवते. १५५० नॅनोमीटरच्या आसपास ही तरंगलांबी दर अंश सेल्सिअसला सुमारे १० पिकोमीटर सरकते. परंतु तंतू ताणला गेला तरीही ती सरकते, आणि लांबीतील दर दहालक्षांश वाढीला हे सरकणे सुमारे १.२ पिकोमीटर असते. चार्ज होताना ऋण इलेक्ट्रोडमधील ग्रॅफाइटचे आकारमान सुमारे १० टक्के वाढते. त्या फुगण्याने तंतू दहा लाखांत १०० भाग जरी ताणला गेला, तरी उपकरण १२ अंशांची वाढ दाखवील, जी प्रत्यक्षात झालेलीच नसेल. ताण कसा वगळला हे न सांगणाऱ्या आलेखांवर मी विश्वास ठेवत नाही.

सोपा मार्ग म्हणजे ग्रेटिंग बारीक नळीत सैल ठेवणे, म्हणजे तिच्यावर केवळ उष्णतेचा परिणाम होतो. १८६५० मध्ये गुंडाळीच्या मधोमध पोकळी असते, ती यासाठी सोयीची. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समधील ज्याँ-मारी तारास्कों यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात अशा सेलमध्ये तंतू बसवून आतील तापमान व दाब चालू स्थितीत नोंदवले होते. तंतू थरांमध्ये सरकवण्याच्या मी विरोधात आहे: तो १२५ मायक्रॉन जाड, दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा विभाजक जेमतेम २० मायक्रॉनचा, त्यामुळे त्या जागी दाब असमान होतो. शिवाय इलेक्ट्रोलाइटमधील लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट ओलाव्याशी संयोग पावून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार करते, आणि ते काच खाते. म्हणून पॉलिइमाइडचे आवरण किंवा बंद नळी हवीच.

दुचाकीच्या पॅकसाठी हा खटाटोप परवडणार नाही, कारण परावर्तित तरंगलांबी वाचणारे यंत्रच महाग असते. तिथे थर्मिस्टर योग्य जागी लावणे पुरेसे आहे. मोठ्या वीज-साठवण केंद्रात मात्र एकाच तंतूवर अनेक ग्रेटिंग बसतात आणि उच्च व्होल्टेजचा त्यांना उपद्रव होत नाही, त्यामुळे सेलच्या बाहेरून लावलेला तंतूही उपयोगी पडतो.

आपल्याकडे आर्गॉन भरलेली ग्लोव्हबॉक्स (हातमोजे बसवलेली हवाबंद पेटी) नसेल, तर सेलला छिद्र पाडू नका. पृष्ठभागावरच तंतू नळीत सैल ठेवा आणि बसवण्याआधी नियंत्रित तापमानाच्या पाण्यात त्याचे अंशांकन करून घ्या.