आता या वयात नर्सिंगला जाऊ का? वैशालीची गोष्ट

"मॅडम, मी 34 ची आहे, दोन मुलं आहेत, कंपनीत 11 वर्षं झाली आणि आता मला नर्स व्हायचंय. माझं डोकं ठिकाणावर आहे ना, एवढंच सांगा." खुर्चीत बसायच्या आधीच तिने हे म्हणून टाकलं, पर्स अजून खांद्यालाच होती.

वैशाली म्हणू तिला, नाव बदललंय, घरची माहितीही थोडी बदलून लिहितेय, आणि लिहू का हे तिला विचारलंय. नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिस्पॅचला काम, पगार साडेसतरा हजार. नवरा दुसऱ्या कंपनीत, मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत, सासूबाई सोबत. मी समुपदेशक आहे, हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो, कधी नर्सिंगबद्दल, कधी शिक्षिका व्हायचं असतं, कधी वकिली, पण नर्सिंगचं विचारणाऱ्या बहुतेक जणींच्या मागे एक हॉस्पिटल असतंच असतं. कुणीतरी आजारी होतं आणि हिने केलंय सगळं.

वैशालीची आई ऑक्टोबरमध्ये गेली होती. पॅरालिसिसनंतर सात महिने अंथरुणावर, त्यातले पाच महिने वैशालीच्याच घरी. ती आली जानेवारीत, म्हणजे जेमतेम तीन महिने झालेले.

आता माझा एक नियम आहे, घरात मृत्यू झाला की पहिलं वर्ष मोठे निर्णय घेऊ नका. घर विकू नका, नोकरी सोडू नका, गाव बदलू नका. दुःखात माणूस धावतो आणि आपण कुठे धावतोय हे त्याला कळत नाही, असं मी खूप पाहिलंय. पण इथे मला ते म्हणता येईना, कारण नर्सिंगला वयाची अट आहे. एएनएम आणि जीएनएम हे नर्सिंगचे दोन कोर्स, दोन्हीला प्रवेशासाठी वय 17 ते 35, आणि वैशालीला येत्या दिवाळीत 35 पूर्ण होत होती. म्हणजे हातात एकाच वर्षाचं ॲडमिशन. "वर्षभर थांबा" म्हणणं म्हणजे "सोडून द्या" म्हणण्यासारखंच झालं असतं.

हे मी तिला तसंच्या तसं सांगितलं. की एक समुपदेशक म्हणून मला वाटतं तुम्ही थांबावं, आणि प्रवेशाचा नियम सांगतो की थांबलात तर संपलं, आणि दोन्ही खरंय, तेव्हा आपण या सहा-सात महिन्यांत जे वर्षभरात कळलं असतं ते कळून घ्यायचा प्रयत्न करू. ती रडली थोडी. मग म्हणाली, "निदान कोणी वेड्यात तरी काढलं नाही."

पहिल्या दोन बैठकांत आम्ही नर्सिंगवर फार बोललोच नाही, आईवर बोललो. तिच्या मनात एक गोष्ट रुतून बसली होती, की शेवटच्या आठवड्यात आईच्या माकडहाडाशी बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) झाला तो आपल्यामुळे, कारण दोन रात्री तिला गाढ झोप लागली आणि दर दोन तासांनी कूस बदलायची राहिली. हॉस्पिटलमधल्या एका सिस्टरने तिला हे सगळं शिकवलं होतं, कूस कशी बदलायची, पाठीमागे उशी कशी लावायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. मी तिला म्हटलं, मला करून दाखवाल? माझ्या ऑफिसात एक लांब सोफा आहे. तिने सोफ्यावरची चादर काढली आणि तिथे कुणी झोपलंय असं धरून दाखवायला लागली. आधी पेशंटला आपल्याकडे वळवायचं, एक हात खांद्याला, एक कमरेला, मग मागच्या बाजूची मळकी चादर गुंडाळत गुंडाळत पाठीपर्यंत आणायची, तिच्याच शेजारी नवी चादर अर्धी पसरून उरलेली गुंडाळी पाठीला लावून ठेवायची, मग पेशंटला त्या दोन्ही गुंडाळ्यांवरून पलीकडे वळवायचं आणि त्या बाजूने जुनी ओढून नवी पसरायची. "सुरकुती राहता कामा नये मॅडम, सुरकुतीनेसुद्धा कातडं सोलतं." आणि मी बघत होते की हे सांगताना ती रडत नव्हती. आईचं नाव काढलं की रडायची, पण हात चालू असताना नाही. रिकाम्या सोफ्यावरसुद्धा ती चादरीवरून तळहात फिरवून बघत होती सगळं सपाट झालंय का.

पण एवढ्यावर मी हो म्हणणार नव्हते. आईचं करणं वेगळं आणि परक्याचं करणं वेगळं. आईचं करताना प्रेम असतं, परक्याचं करताना सुरुवातीला काहीच नसतं, उलट समोरचा ओरडतो, नातेवाईक शिव्या घालतात. आणि दुसरी भीती अशी की ज्याला आपल्या माणसाला वाचवता आलं नाही तो दुसऱ्याला वाचवून हिशोब पुरा करायला बघतो, आणि वॉर्डात तर माणसं जातातच. प्रत्येक वेळी हिची आई पुन्हा जाणार का? मला हे बघायचं होतं.

माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांचं 20 बेडचं नर्सिंग होम आहे. त्यांना विचारून वैशालीने आठ शनिवारी रात्री तिथे काढल्या, आया मावशींच्या हाताखाली. बेडपॅन देणं, चादरी बदलणं, पेशंटला धरून बाथरूमला नेणं, एवढंच, औषध-इंजेक्शनला हातसुद्धा लावायचा नाही असं स्पष्ट ठरलेलं. नर्सिंगला जायचं म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी हे सांगते, की फॉर्म भरायच्या आधी रात्री तीन वाजता वॉर्ड कसा असतो ते बघून या. दिवसाचा नाही, रात्रीचाच.

पहिल्या रात्रीनंतर ती म्हणाली जमणार नाही. एका दारू पिऊन पडलेल्या माणसाने तिच्या अंगावर उलटी केली होती आणि वर त्याच्या भावाने "तुम्हाला पैसे कशाचे मिळतात" म्हणून झापलं होतं. दुसऱ्या शनिवारी ती तरीही गेली. चौथ्यानंतर तिने एक सांगितलं आणि त्यासाठीच मी थांबले होते. एक म्हातारे आजोबा, ऑपरेशननंतरचे, रात्रभर तळमळत होते, बोलत काही नव्हते. हिने मावशींना विचारून त्यांची पाठ कोमट पाण्याने पुसली, कोरडी केली, चादर ताणून घातली आणि ते दहा मिनिटांत झोपले. "मॅडम, तेव्हा मला आई आठवली नाही. घरी आल्यावरपण आजोबाच आठवत राहिले, की सकाळी त्यांची पाठ कुणी बघितली असेल का."

त्या दिवशी मी तिला म्हटलं की आता आपण ॲडमिशनचं बोलू.

इथे थोडं थांबून माहितीचं सांगते कारण मोबाईलवरचे व्हिडिओ बघून लोक भलतंच धरून बसतात. माझी मावसबहीण अमेरिकेत 44 व्या वर्षी तिथल्या कम्युनिटी कॉलेजला गेली, आधी ॲनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी असे विषय करून घेतले, मग दोन वर्षांची असोसिएट डिग्री, मग एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा, आणि आज ती रजिस्टर्ड नर्स आहे. तिथे वय आडवं येत नाही. आपल्याकडे येतं. एएनएम दोन वर्षांचं, गावपातळीवर उपकेंद्रात लस टोचायला येतात त्या सिस्टर साधारण हे केलेल्या असतात. जीएनएम तीन वर्षांचं, त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी, आणि पुढे हवं तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतंच. वैशालीची बारावी कॉमर्सची, 52 टक्के, त्यामुळे बीएस्सी बाद, पण जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी हवं आणि 40 टक्के हवेत. तारखा आणि प्रवेशाची पद्धत मात्र त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचूनच बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि 35 उलटलेल्यांना मी खोटी आशा दाखवत नाही. मागच्याच वर्षी एक 43 वर्षांच्या ताई आल्या होत्या, कुठल्याशा इन्स्टिट्यूटने सहा महिन्यांत नर्स बनवतो म्हणून 40 हजार घेतले होते. सहा महिन्यांत नर्स होत नाही. जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स असतो, तो करता येतो, चांगलं आणि गरजेचं काम आहे, घरी जाऊन पेशंट सांभाळणाऱ्यांना मागणीही आहे, पण ती व्यक्ती नर्स नाही आणि तिने इंजेक्शन द्यायचं नाही. पैसे भरायच्या आधी कॉलेज इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या आणि राज्याच्या कौन्सिलच्या यादीत आहे का ते स्वतः बघायचं. त्या ताई आज असिस्टंट म्हणून काम करतात आणि मनापासून करतात, पण फसवल्याचं दुःख त्यांना अजून आहे आणि ते साहजिकच आहे.

वैशालीच्या घरचं सांगायचं राहिलं. नवरा आला तो कागद-पेन घेऊनच आला, मला आवडलं ते. त्याचा पगार 32 हजार, घराचा हप्ता 11 हजार, आणि हिचे साडेसतरा तीन वर्षं बंद. तो विरोधात नव्हता पण त्याच्या डोक्यात एक होतं की सिस्टर झाली की सरकारी नोकरी पक्की, मग तीन वर्षं ओढू कसंतरी. मला त्याला सांगावं लागलं की सरकारी अधिपरिचारिकेच्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या, भरतीलाही वयाची अट आहे, खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43, तुम्ही खुल्यात, हिचा कोर्स संपून नोंदणी होईपर्यंत ती 38 च्या उंबरठ्यावर असेल, तेव्हा सरकारी नोकरी धरूनच चालू नका. खाजगीत काम मिळेल पण सुरुवातीचा पगार आत्ताच्या एवढाच किंवा कमीपण असू शकतो. तो बराच वेळ गप्प बसला. मग हिला म्हणाला, "म्हणजे पैशासाठी नाहीच हे." ती म्हणाली, "नाही." मला वाटतं त्या दोघांचं खरं बोलणं तिथे सुरू झालं. पुढचे दोन आठवडे घरी भांडणं झाली, मोठी झाली, पण ती व्हायलाच हवी होती. शेवटी हिचा 11 वर्षांचा पीएफ आणि त्याचा ओव्हरटाईम यावर ठरलं. आईच्या पाटल्या विकायच्या नाहीत, हेही ठरलं.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "लोकांची घाण काढायची? आपल्यातल्या बायका हे करत नाहीत." मी त्यांना रमाबाई रानड्यांचं सांगितलं, की पुण्यात 1909 साली सेवासदन ही बायकांसाठीची संस्था काढली आणि त्यातून विधवा बायकांना ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हाही लोक हेच बोलत होते. त्या ऐकून म्हणाल्या, त्यांचं वेगळं. त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. पण मुलांचा डबा मी बघीन म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर तीन वर्षांच्या कोर्सला त्यांच्या मतापेक्षा तो डबाच जास्त लागतो.

ॲडमिशन झालं. पहिलं वर्ष तिला फार जड गेलं. वर्गात सगळ्या 18-19 च्या पोरी, त्या हिला काकू म्हणायच्या, आणि वॉर्डात तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान सिस्टरकडून बोलणी खायची. 11 वर्षं डिस्पॅचला स्वतःच्या सहीने गाड्या सोडलेली बाई, तिला हे अभ्यासापेक्षा जास्त लागायचं. दोनदा फोनवर म्हणाली सोडते. एका विषयात नापासही झाली, परत बसली, सुटली. हाडांची नावं मुलीने पाठ करून घेतली, स्वयंपाक करताना ओट्यापाशी उभी राहून विचारायची. या सगळ्यात मी काही मोठं केलं नाही, फक्त दर महिन्याला एक तास ठेवला होता आणि त्या तासात ती आईबद्दलही बोलायची. बेडसोअरचं ओझं कमी व्हायला दीड वर्ष लागलं. अभ्यासातच तिला कळलं की पॅरालिसिसच्या, पोटात अन्न नीट न जाणाऱ्या पेशंटला सगळं करूनही कधीकधी जखम होते. कितीतरी आधी मीही तिला हेच म्हटलं होतं, पण पुस्तकात वाचल्यावर तिला ते पटलं.

परवा तिचा फोन आला, आता दुसऱ्या वर्षाला आहे, सर्जिकल वॉर्डला पोस्टिंग. मी विचारलं पुढचं काय, 38 चं काय ठरवलंय, कुठे अर्ज करायचे वगैरे. म्हणाली, "ते नंतर बघू ना मॅडम, उद्यापासून माझी नाईट लागलीय, आणि नऊ नंबरला एक आजी आल्यात, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या, त्यांची कूस बदलायची म्हणजे मांड्यांच्या मध्ये उशी ठेवूनच बदलावी लागते, ते मी आज दोनदा सिस्टरांकडून बघून घेतलंय." मग मुलाने मागून हाक मारली आणि तिने फोन ठेवला.