लोडरचं बकेट आपोआप खाली बसतंय, दोनदा सील किट टाकलं. सिलिंडर बदलू का?

तुम्ही लिहिलंय की भरलेलं बकेट वर ठेवलं तर अर्ध्या तासात जमिनीला टेकतं, बाहेर कुठे तेल गळत नाही, आणि आता मिस्त्री सिलिंडरच बदला म्हणतोय. बदलू नका.

उचलणाऱ्या सिलिंडरमध्ये सगळं ओझं तळाकडच्या तेलावर असतं. पिस्टनचं सील, म्हणजे तेल पलीकडे जाऊ न देणारी कडी, पार गेलं तरी ते तेल जाणार रॉडच्या बाजूला, आणि तिथली जागा रॉडनेच अडवलेली. सगळं तेल तिथे मावत नाही. जास्तीचं बाहेर पडल्याशिवाय रॉड आत येत नाही. लिव्हरने चालणारा, तेल सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्ह खरंच बंद असेल तर बकेट थोडं बसेल आणि थांबेल. तुमचं खालपर्यंत येतंय, म्हणजे तेल व्हॉल्व्हच्या स्पूलमधून, त्याच्या आतल्या सरकत्या दांड्याच्या कडेनं, टाकीत चाललंय. व्हॉल्व्ह झिजलाय. किटचे पैसे दोन्ही वेळा फुकट गेले.

रॉडच्या बाजूची ही कमी जागा एवढी ठासून सांगतोय त्याला कारण आहे. २००९ साली मी कुपवाड एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये कामाला होतो. माझ्या मावसभावाला बारावी झाल्या झाल्या मीच तिथे हेल्पर म्हणून लावलं होतं. एक सिलिंडर नवीन सील टाकून टेस्टला घेतला होता, बोअर (आतला व्यास) १०० मिमी, रॉड ७० मिमी. तिथल्या मिस्त्रींनी रॉडच्या बाजूच्या पोर्टला, म्हणजे तेलाच्या तोंडाला, डमी (बूच) मारली. मी म्हटलं, "मिस्त्री, डमी नको, तिकडं प्रेशर वाढतं." ते म्हणाले, "अरे, पंपाला १८० बार लावलंय, त्याच्या वर कुठनं येणार? वीस वर्षं हेच करतोय."

कुठून येणार ते सांगतो. पिस्टनच्या मागची बाजू साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. रॉडच्या बाजूला रॉड वजा जाता उरतं ४०. ढकलणारा जोर तोच, अडवणारी जागा निम्मी. गेजवर १८० बार दिसत होते तेव्हा डमीच्या मागे साडेतीनशे होते. तिथे गेज लावलेलाच नव्हता.

डमीच्या आट्यांतून वाफेसारखं काहीतरी निघताना दिसलं. भाऊ चिंधी घेऊन पुसायला गेला. "चावलं काहीतरी," एवढंच म्हणाला. तर्जनीवर टाचणी टोचल्यासारखा ठिपका, रक्तसुद्धा नाही. मिस्त्री म्हणाले, हळद लाव. रात्रीत हात मनगटापर्यंत सुजून दगडासारखा झाला. सकाळी मिरजेला नेलं. डॉक्टरांनी बोट उघडलं तर तेल तळव्यापर्यंत पसरलेलं. दोन पेरं काढावी लागली. असं तेल घुसलं की पहिल्या काही तासांतच उघडून धुवावं लागतं, मग जखम कितीही बारीक दिसो. मावशीसमोर माझी अजून मान वर होत नाही.

मिस्त्री आजही सांगत फिरतात की पोरानं हात घातला म्हणून झालं. पोरगा तीन आठवड्यांचा नवखा होता. डमी त्यानं मारली नव्हती.

आता सिलिंडरचं सील ठीक आहे का, हे बघायची तुमची चाचणी. बकेट रिकामं करून पूर्ण वर न्या आणि बूमखाली, म्हणजे बकेट उचलणाऱ्या हाताखाली, भक्कम लोखंडी टेकू लावा. नुसत्या तेलाच्या भरवशावर कुणीही खाली वाकायचं नाही. इंजिन बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवून प्रेशर उतरवा, मग रॉडकडचा होज (तेलाचा पाइप) सावकाश काढा. डमी मारायची ती होजच्या तोंडाला. सिलिंडरचं पोर्ट उघडंच ठेवा, त्याला होजचा तुकडा जोडून टोक डब्यात सोडा. सगळे लांब झाले की इंजिन स्लोवर ठेवून लिव्हर उचलण्याच्या बाजूला पाच-दहा सेकंद धरा. चुकूनही खालच्या बाजूला नेऊ नका. आधी साचलेलं थोडं तेल येईल. मग थांबलं तर सील ठीक आहे. धार चालूच राहिली तर सील तरी गेलंय, नाहीतर आतून बॅरल (सिलिंडरची नळी) ओरबाडलंय. दोन सिलिंडर आहेत, एकेकाचं वेगळं बघा. गळती शोधायला पुठ्ठा धरा, हात नाही. आणि कुणी कॉम्प्रेसरच्या हवेनं टेस्ट करू म्हणालं तर तिथूनच परत या.

ही चाचणी सिलिंडर पूर्ण ताणलेला असताना होते, त्यामुळे बॅरल मधेच कुठे खराब असेल तर यात कळणार नाही. त्यासाठी सिलिंडर खोलून आतून बघावं लागतं. रॉडवरून नख फिरवून बघा. नख अडकत असेल तर नवीन सीलही टिकणार नाही.

एक राहिलं. मी बूम खाली येतोय असं धरून लिहिलंय. बूम जागेवर राहून नुसतं बकेट तोंडावर कलंडत असेल तर तो कलंडवणारा सिलिंडर. ओझ्यानं त्याचा रॉड बाहेर ओढला जात असेल, तर पिस्टनचं सील गेल्यावर व्हॉल्व्ह चांगला असूनही तो सरकतो. तसं असेल तर तुमच्या मिस्त्रीचं बरोबर असू शकतं. नक्की काय खाली येतंय ते बघून इथेच लिहा.