वाचकांचे प्रश्न : हमीपत्र आधी, तिकीट शेवटी

प्रश्न : माझं वय ६७, मी निवृत्त शिक्षिका आहे. कॉलेजच्या वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण लग्नानंतर जर्मनीला गेली आणि १९८६ नंतर आमचा संपर्क तुटला. गेल्या वर्षी ती सापडली. ती श्टुटगार्टला एकटी असते, तिचं पेन्शन चालू आहे. जूनमध्ये तिच्याकडे महिनाभर जायचं आहे. मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. मुलगा म्हणतो, चाळीस वर्षं न भेटलेल्या मैत्रिणीसाठी व्हिसा मिळत नाही. सुरुवात कुठून करू?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : मिळतो. यजमान नात्यातलाच असावा अशी अट नाही. खर्च कोण करणार आणि तुम्ही मुदतीत परत येणार का, हे मुख्यतः पाहतात. मधली चाळीस वर्षं मात्र लपवू नका. अर्जासोबत एका पानाचं पत्र जोडा : कुठे एकत्र शिकलो, संपर्क कधी तुटला, कसा सापडला, आता किती वेळा बोलतो. वसतिगृहाचा दाखला, जुना फोटो, अलीकडच्या व्हिडिओ कॉलच्या नोंदी लावा. एवढ्याने मैत्री खरी आहे हे दिसतं.

इथे एक अडचण हमखास येते. जुन्या कागदांवर तुमचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. मैत्रीण तुम्हाला माहेरच्या नावाने ओळखते, त्यामुळे तिकडच्या कागदावरही तेच नाव पडतं आणि दोन वेगळ्या बायका दिसतात. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो तिला आजच पाठवा, नाव अक्षर न् अक्षर तसंच लिहायला सांगा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा.

सर्वांत जास्त वेळ तिच्याकडच्या कागदाला लागतो. त्याला जर्मनीत ‘फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग’ म्हणतात, म्हणजे तुमच्या खर्चाचं सरकारी हमीपत्र. ते घरी बसून लिहायचं पत्र नव्हे. ओळखपत्र, पेन्शनचे आणि घराचे कागद घेऊन तिने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात वेळ घेऊन स्वतः जायचं. शुल्क २९ युरो. मूळ प्रत कुरियरने मागवा, नुसतं स्कॅन चालत नाही. अर्जाच्या वेळी हमीपत्र सहा महिन्यांपेक्षा जुनं नको, म्हणून फार आधीही करू नये. जूनसाठी तिने जानेवारीत वेळ मागावी आणि मार्चपर्यंत कागद तुमच्या हातात यावा. तिचं पेन्शन हमीला अपुरं ठरलं तर स्वतःच्या खर्चाने जात असल्याचं दाखवा : पेन्शनचा आदेश आणि बँकेचा शिक्का असलेला तीन महिन्यांचा खातेउतारा. अर्जाच्या आठवड्यात मुलाने खात्यात लाखभर टाकले तर शंका येते. तो मदत करणार असेल तर तसं उघड लिहा आणि त्याचाही उतारा जोडा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने ते १५ दिवस आधी करता येतो. पुढे प्रवासाच्या हंगामात अर्ज केंद्रात भेटीची वेळ मिळत नाही, तेव्हा एप्रिलचीच वेळ घ्या. पुण्याचं अर्ज केंद्र तुम्हाला सोयीचं. व्हिसाचं शुल्क ९० युरोइतके रुपये, वर केंद्राचं सेवाशुल्क. नकार आला तरी परत मिळत नाही. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा, दोन पानं कोरी हवीत. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे जर्मनीसह युरोपातले देश) चालणारा. त्यात आधीपासूनचा मधुमेह धरलाय का, हे पॉलिसीत स्वतः वाचा. पुष्कळदा तो वगळलेला असतो. तिकीट नुसतं आरक्षित करा, पैसे व्हिसा आल्यावर भरा.

व्हिसाच्या स्टिकरवर वैधतेच्या तारखा वेगळ्या आणि राहण्याच्या दिवसांचा आकडा वेगळा असतो. तारखा ४५ दिवसांच्या असल्या आणि आकडा ३० असला, तर ३० दिवसच. पोहोचल्याचा आणि निघाल्याचा दिवसही त्यात धरतात.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, खाली सामानात ते गोठून निकामी होऊ शकतं. डॉक्टरांचं इंग्रजी पत्र घ्या, त्यात औषधांची मूळ रासायनिक नावं हवीत, कारण आपल्याकडची ब्रँडनावं तिकडे कळत नाहीत. महिन्याहून आठवडाभर जास्तीचा साठा न्या.

जून म्हणजे आंबे, आणि मैत्रिणीला हापूस न्यावासा वाटणारच. नेऊ नका. आंबा आणि कढीपत्ता वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय युरोपीय संघात नेता येत नाही. पेढे, खवा, तूप यांना तर बंदीच आहे. गोडा मसाला, आमसुलं, तेलातली चकली खुशाल न्या.

मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे. विमानतळाच्याच लांब पल्ल्याच्या स्टेशनवरून श्टुटगार्टची थेट गाडी साधारण सव्वा तासात पोहोचते.

प्रश्न : मित्राकडे जर्मनीला जायचा माझा अर्ज ‘परत येण्याबद्दल खात्री वाटत नाही’ म्हणून नाकारला. फेरविचार मागू का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दूतावासाकडे फेरविचार मागायची सोय जर्मनीने १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता कोर्ट किंवा नवा अर्ज. नवा अर्जच सोपा आणि स्वस्त. पण तेच कागद पुन्हा देऊ नका. परतीची कारणं कागदावर आणा : नोकरी असेल तर मंजूर रजेचं पत्र, धंदा असेल तर विवरणपत्रं, घराचा किंवा शेतीचा उतारा, पत्नी-मुलांचे कागद. साठ दिवस मागितले असतील तर वीस मागा. आधीचा नकार अर्जात लिहा, लपवलात तर तेच नकाराचं नवं कारण होईल.